मडक्याचा ताप

दादरा-नगर हवेलीत थंडीची चाहूल लागली की घराघरांत उंबाडियुंचे बेत सुरू होतात. रायगडकर ज्याला पोपटी म्हणतात, तिचेच हे दक्षिण गुजरातेतले भावंड. तिकडे मडक्यात भांबुर्डा, इकडे कलारचा पाला. पापडी, बटाटे, कंद भरून मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. (सिल्वासाच्या बाजारात ‘रताळू’ मागाल तर जांभळा कंद पदरात पडेल, आपले रताळे हवे असेल तर ‘शक्करियां’ म्हणा!) मांसाहारी घरांत मधोमध केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाल्याची वाफ आणि धूर तिच्यात मुरत राहतो.

शिजले हे ओळखायचे कसे? दोन्ही भाषांतली जुनी माणसे तापल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र करून उडाला की झाले. आमचे वलसाडकडचे व्याही (ते मला ‘वेवाई’ म्हणतात) यात वाकबगार. पण थेंब सांगतो तो मडक्याच्या पाठीचा ताप, कोंबडीच्या मांडीतला नव्हे. पापडी कचवट राहिली तर दातांना कळते. कोंबडी राहिली तर साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. गेल्या पौषात माझी लेक, म्हणजे त्यांची सून, सातव्या महिन्यात होती. त्यातून पाहुणे जास्त, म्हणून मडके मोठे आणि कोंबडी अख्खी.

मी स्वयंपाकाचा थर्मामीटर बाहेर काढला. व्याही म्हणाले, “मरघीने ताव आव्यो छे के?” सगळे हसले. ते स्वतः मात्र हसले नाहीत.

आता, सुई खुपसली आणि आकडा वाचला, इतके हे सोपे नाही. घरातला तापाचा थर्मामीटर इथे वापरूच नये. त्याची पट्टी ४२ अंशांवर संपते, आणि काच फुटली तर पारा ताटात. स्वयंपाकाच्या थर्मामीटरचीही आधी परीक्षा घ्यावी. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळावे, त्यात त्याने शून्य दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात १००. हे शंभर सिल्वासाला चालते, कारण आपण समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे बिचारा खरा थर्मामीटर खोटा ठरेल. तबकडीवाल्याची जाणीव टोकाकडच्या पाचसहा सेंटिमीटरांत पसरलेली असते, म्हणून तो खोल जावा लागतो. आकडे उमटणाऱ्याची अगदी टोकाशी. सुई मांडीच्या जाड भागात जावी, हाडाला टेकता कामा नये, पोटाच्या पोकळीत तर नाहीच, नाहीतर वाफेचा आकडा वाचून आपण खूश. तिथे ७४ अंश हवेत. रंगावर विसंबू नये. धुरातले वायू मांसाची लाली धरून ठेवतात; पुरती शिजलेली कोंबडीही गुलाबी दिसते.

थेंब चर्र करून उडालाच होता. मडके उतरवले, पान सोडले. छातीत ७६. मांडीत ६६, दुसऱ्या मांडीत ६३.

व्याही बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग काही न बोलता त्यांनी पाहुण्यांना पापडी आणि कंद वाढायला सांगितले, कोंबडी पुन्हा पानात बांधली, ताजा पाला घातला आणि मडके परत जाळात सरकवले. अर्ध्या तासाने सुई त्यांनीच खुपसली, हाड चुकवून. ७८. दुसऱ्या मांडीतही पाहिले, मग पहिली तंगडी सुनेच्या पानात वाढली.

मडक्यावर पाणी ते अजूनही शिंपडतात. मी अडवत नाही. पापडीला तेवढे पुरते.