40 फुटांची डांबरी वाट

दोन वर्षांपूर्वीची, दसऱ्यानंतरची गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास फाटकाजवळ काठी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आण्णांचा, "काही झालेलं नाही!" म्हणजे काहीतरी झालं होतं. काठीचं टोक डांबराच्या भेगेत अडकून ते गुडघ्यावर पडले होते. हाड शाबूत राहिलं, मनगट मात्र पंधरा दिवस सुजलेलं होतं.

माझे वडील तेव्हा 82 वर्षांचे. डोळ्यांना कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. पायरीपासून फाटकापर्यंतची 40 फुटांची वाट हीच त्यांची एकट्यानं चालायची उरलेली जागा. रोज 20 फेऱ्या. आम्ही ठरवून टाकलं, आता एकट्यानं फिरायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चूक रस्त्याची, शिक्षा मला का?"

आण्णा मूळचे निपाणीचे. कर्नाटकच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सगळी नोकरी झाली आणि शेवटी म्हैसूरला कुवेंपुनगरात घर बांधून इथलेच झाले. गल्लीतल्या इतर घरांपुढे फरशी किंवा सिमेंट, आमच्याच आवारात डांबर. ते स्वतःच्या पैशानं घातल्याचं बिल अजून त्यांच्या फाइलीत आहे. सरकारी डांबर घरी आलं असं कुणी म्हणायला नको!

खरं तर भेगांना मीच जबाबदार होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, आपल्याकडे आगोटीची कामं करतात तशी, मी डांबराचा एक डबा आणला आणि भेगांसकट सगळी वाट ब्रशनं काळी करून टाकली. निपाणीत मृगापर्यंत सवड असते. म्हैसूरला मे महिनाच वर्षातल्या सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक. त्याच संध्याकाळी वळीव कोसळला आणि काळे ओघळ थेट व्हरांड्याच्या लाल फरशीवर. ते डाग अजून आहेत. भेगाही महिन्याभरात परत दिसू लागल्या. आण्णा तेव्हा एक शब्द बोलले नव्हते.

आता मात्र बोलले. मी बोलावलेल्या कंत्राटदारानं "सगळं उखडून ब्लॉक बसवू" असं सांगितल्यावर आण्णा काठी घेऊन वाटेवर गेले आणि हात-हात अंतरावर ठोकत निघाले. टक, टक, टक. फाटकाजवळ आवाज बदलला, थोडा बद्द. "एवढंच पोकळ आहे. बाकी वरची कातडी सुकलीय, अंग ठीक आहे."

मग त्यांनी समजावलं. उन्हानं आणि हवेनं डांबर हळूहळू कडक होतं, काळ्याचं राखाडी पडतं, लवचीकपणा जातो आणि बारीक भेगा पडतात. इथपर्यंत फार बिघडलेलं नसतं. भेगेतून पाणी खालच्या खडीत उतरलं की खरा घात. खडी सैल होते, वरून चाक गेलं की तेवढा भाग खचतो. 2021 च्या पावसात चामुंडी टेकडीवरचा नंदीकडे जाणारा रस्ता खचला, तेव्हाही ते टीव्हीसमोर बसून म्हणाले होते, "रस्ता चाकानं मरत नाही, पाण्यानं मरतो." आमच्या फाटकाजवळ पाणी कुठून येत होतं? माझ्याच बागेच्या नळाचं! रोज सकाळी तिथंच साचायचं.

धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. तिच्याकडे घरापुढच्या डांबरी वाटेला दोन-तीन वर्षांनी असा लेप देतात, दुकानात बादल्याच मिळतात. तिनं फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली: कोळशापासूनचं डांबर घेऊ नकोस. आरोग्याला आणि ओढ्या-नाल्यांना घातक म्हणून ऑस्टिन शहरानं 2006 मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं 2011 मध्ये त्याच्या लेपावर बंदी घातली. आपण दोन्हींना डांबरच म्हणतो, म्हणून घोळ. डांबरगोळीसारखा वास आला तर ते कोळशाचं, असं समजून चौकशी करावी. रस्त्यांना आता क्रूड तेलातून निघणारं डांबर वापरतात. आण्णांना जुन्या गरम लेपाचं माप तोंडपाठ होतं, 10 चौरस मीटरला 9.8 किलो आणि वर बारीक खडी. पण घरी भट्टी कुठं पेटवणार? आम्ही पाण्यात मिसळलेलं थंड डांबर, म्हणजे इमल्शन आणलं.

काम फेब्रुवारीत काढलं. दोन दिवस नुसती सफाई. भेगांतलं गवत मुळासकट, माती तारेच्या ब्रशनं, स्कूटरखालचा तेलाचा डाग साबणानं घासून. तेलावर लेप धरत नाही. मेस्त्रींनी पोकळ भाग चौकोनी कापून काढला, नवीन खडी-डांबर भरून धुमसलं. नळाचं पाणी पन्हळीनं कुंपणाकडे वळवलं. भेगांत इमल्शन आणि दगडाची भुकटी कालवून भरली. हे सगळं झाल्यावरच लेप, तोही पातळ, दोनदा.

आण्णा खुर्ची टाकून बसले होते. इमल्शन ओतलं की चहासारखं तपकिरी दिसतं, त्यातलं पाणी सुटलं की काळं होतं. दर दहा मिनिटांनी विचारणा, "रंग बदलला का?" दुसऱ्या हातावर त्यांनी बारीक वाळू भुरभुरायला लावली. मला ते उगाच वाटलं. "गुळगुळीत काळं छान दिसतं," ते म्हणाले, "पण पावसात मीच घसरेन."

दोन दिवस गाडी रस्त्यावर ठेवली. शेजारच्या मांजरानं काही ते पाळलं नाही, चार पावलं कायमची उमटली आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर उभी राहिले, सोबत गेले नाही. काठी टकटकत फाटकापर्यंत गेली. नव्या चौकोनावर थांबली, कडेनं फिरली, पुन्हा थांबली.

"दोन सूत वर आलंय इथं. मेस्त्रीला बोलाव."

बोलावते म्हटलं, तोवर ते वळून दुसऱ्या फेरीला लागले होते.