या आठवड्यात कोण?

इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक आला की पहिला प्रश्न हाच असायचा. वेताळ असेल तर जीव भांड्यात पडायचा. मँड्रेक असेल तर चालून जायचं. बहादूर असेल तर मात्र वाड्यातल्या पोरांत झोंबाझोंबी ठरलेली, कारण तो सगळ्यांनाच आधी हवा असायचा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये सुरू केलेली ही मालिका आधी मासिक होती, मग पाक्षिक झाली आणि ऐंशीच्या दशकात, आमच्या वाचायच्या वयात, दर आठवड्याला येऊ लागली. नाशिकरोड स्टेशनच्या बुकस्टॉलवर अंक आधी दिसे. नाशिकमधल्या आमच्या रविवार कारंजाकडे यायला त्याला उशीर होई. तेवढ्या उशिरापायी आम्हाला नाशिकरोडच्या मुलांचा हेवा वाटायचा.

अंक वाचून झाला की मत द्यायचं आणि त्यावरून भांडायचं. माझी तेव्हाची मतं आजही तीच आहेत. ली फॉकने 1936 साली जन्माला घातलेला वेताळ अनेकांनी काढला, पण तो खऱ्या अर्थाने साय बॅरीचा. विल्सन मॅकॉयच्या रेषेत साधेपणा होता, अंधार नव्हता. बॅरी मशालीचा उजेड गालाच्या एका बाजूवर पाडायचा, घोड्याच्या मानेची कड आणि चार पानं उजळायचा आणि उरलेलं सगळं जंगल शाईच्या हवाली करायचा. त्या काळ्या जागेत काय दडलंय, हे आम्ही बोट लावून शोधायचो. फॉकने 1977 साली वेताळचं डायनाशी लग्न लावलं, तेव्हा त्यातली गंमत गेली असं म्हणणारे पुष्कळ होते. मला ते कधीच पटलं नाही. घरी वाट पाहणारं माणूस आहे म्हटल्यावर त्याच्या प्रत्येक साहसाला वजन आलं.

जादूगार मँड्रेकचे डोळे आणि हातवारे पहिल्या काही पानांतच पुरेसे व्हायचे. त्याचा साथीदार लोथार नसता तर मी तो अर्ध्यात सोडला असता. फ्लॅश गॉर्डन देखणा, पण फार दूरचा.

बहादूर जवळचा. आबिद सुरतींनी 1976 मध्ये तो लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला तरुण. त्याच्या गोष्टीतले रस्ते, गावं, पोलीस ठाणी आम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलेली होती. वेताळच्या कवटी गुहेत जाण्याचं स्वप्न पडायचं. बहादूर मात्र पुढच्या स्टॉपवर चढेल असं वाटायचं.

आमच्या शेजारचे एक काका नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. 1925 पासूनचं ते छापखान्याचं गाव. तिथल्या माणसाची नजर गोष्टीआधी छपाईवर जाते. काका अंक हातात घेत, पान उजेडाकडे तिरपं धरत आणि वेताळच्या खांद्याजवळ बोट ठेवत. रंग रेषेच्या बाहेर केसभर सरकलेला असे, आणि खांद्याला लागून पांढरी फट दिसे. ‘बघ, प्लेट हलली,’ ते म्हणत. टपाल तिकिटावर असं झालं तर सगळा कागद बाद, हेही सांगत. तेव्हापासून मी चित्रकथा दोनदा वाचतो: एकदा गोष्टीसाठी, एकदा रेषेसाठी.

अमर चित्रकथेतली पंचवटी मी अशीच दुसऱ्यांदा वाचली. पुस्तकात उंच झाडं, हरणं, पर्णकुटी. आणि आम्ही रोज ओलांडायचो ती पंचवटी म्हणजे सीता गुंफेबाहेरची रांग, पेढ्यांची दुकानं, घाटावर वाळणारी धोतरं. माझा विश्वास चित्रावरच बसला. आजही काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीतून जाताना मी घरांच्या जागी ती झाडं उभी करून बघतो.

ही चित्रं काढणारे हात कितीतरी वेळा मराठी होते. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला आणि पुढे सुपंडीला चेहरा दिला. प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेचे कितीतरी अंक रंगवले, हिंदीतल्या नागराजलाही सुरुवातीला घडवलं. दिलीप कदमांचं नावही याच पंगतीतलं. इतकी मोठी माणसं, आणि त्यांची नावं मुखपृष्ठावर ठळक कधी आली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. माझा भाचा आता दर आठवड्याला ‘वन पीस’च्या नव्या प्रकरणाची वाट पाहतो. जपानमध्ये 1997 पासून चाललेली ती गोष्ट तो इंग्रजीतून वाचतो आणि फोन करून मला आपला निकाल सांगतो: चित्रकार ओडाने या वेळी लढाई ताणली, शेवटचं पान मात्र जबरदस्त. मी बॅरीचा अंधार काढतो, तो ओडाची गर्दी काढतो, तासभर वाद चालतो. वाद मराठीत, चित्रकथा इंग्रजीत. त्याच्या हातात दर आठवड्याला ठेवावं असं मराठीत काय आहे, याचं उत्तर मला देता येत नाही. प्रकाशकांनो, चित्रकार इथे आहेत, भांडायला तयार असलेले वाचकही आहेत. सोळा पानांचं का होईना, पण दर आठवड्याला काढा. आणि कुणाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. आधी घरातल्या एखाद्या मुलाला वाचायला द्या.