उडी तर मारली, उतरायचं कसं?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. मराठी निबंध शेवटचा दहावीत लिहिला, तोही मार्कांपुरता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र अगदी घरचा आहे, माझा डावा गुडघा.

गेल्या वर्षी बास्केटबॉलची इंटर-कॉलेज सेमीफायनल. रिबाउंडला उडी मारली, बॉल हातात आला, खाली उतरले आणि आतून 'टक्' आवाज झाला. कोणी धक्का दिला नव्हता, कोणाच्या पायावरही मी पडले नव्हते. बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं आणि वेड्यासारखी परत कोर्टवर गेले. वळले मात्र, गुडघा खालून निसटलाच. एमआरआय म्हणाला, एसीएल पूर्ण फाटलंय. एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधणारी, साधारण तीन सेंटिमीटरची दोरी. ऑपरेशन करून मांडीमागचं टेंडन तिथे बसवलं. फिजिओ म्हणाल्या, नऊ महिने तरी मॅच नाही. आई म्हणाली, "बास झालं आता खेळणं. मुलीच्या जातीला गुडघे लागतात." मुलांना लागत नाहीत का, हे मला अजून कळलेलं नाही.

पडल्या पडल्या वाचत सुटले. बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दोन ते आठ पट जास्त फाटतं, आणि बहुतेक वेळा कोणी न धडकताच. अमेरिकेत टिमोथी ह्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 205 खेळाडू मुलींच्या उड्या आधी मोजून ठेवल्या आणि मग त्यांच्या खेळावर लक्ष ठेवलं. नऊ जणींचं एसीएल फाटलं. 2005 साली त्यांनी छापलं, की या नऊ जणींचे गुडघे उतरतानाच बाकीच्यांपेक्षा आठ अंशांनी जास्त आत झुकत होते. पुढे 2010 मध्ये खऱ्या मॅचेसचे व्हिडिओ तपासले गेले, तेव्हा दिसलं की पाय टेकल्यावर साधारण 40 मिलिसेकंदांतच दोरी तुटते. म्हणजे सावरायला वेळच नाही. जे करायचं ते हवेत असतानाच.

आणि यातलं निम्मं तर एफईच्या मेकॅनिक्सला होतं! वजन 52 किलो, उडी 30 सेंटिमीटर. टेकताना वेग सेकंदाला 2.4 मीटर. पाय ताठ ठेवून 0.05 सेकंदात थांबले, तर जमीन सरासरी 3000 न्यूटनने ढकलते. कंबर-गुडघे वाकवून 0.15 सेकंद घेतले तर 1350. हाच प्रश्न मी पेपरात बरोबर सोडवला होता. फक्त तिथे एक ठोकळा पडत होता.

शाळेत सिस्टर सारख्या ओरडायच्या, "नीज टुगेदर, गर्ल्स!" बसताना कसं बसायचं ते बारा वर्षं ऐकलं. उडीनंतर गुडघे पावलांच्या रेषेत ठेव, हे एकदाही नाही. इथेही मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर आम्हाला ग्राउंड मिळतं पाऊण तास, आणि वॉर्मअप म्हणजे दोन राउंड. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींच्या फुटबॉल टीम्सना वीस मिनिटांचा वॉर्मअप दिला, त्यात नीट उतरायचे व्यायामही होते. 2008 साली निकाल आला, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. खर्च शून्य. माझ्या ऑपरेशनचं बिल बाबांनी मला दाखवलं नाही.

आमच्या विंगमध्ये एक एफईची मुलगी आलीय. उडी अशी, की बघत राहावं. उतरते तेव्हा मात्र दोन्ही गुडघे एकमेकांना भेटतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच गुडघ्यात कळ आली. आता रोज मेसनंतर कॉरिडॉरमध्ये फरशीवर खडूच्या दोन रेघा मारते आणि तिला स्टुलावरून उतरवते. "ताई, किती वर गेले बघितलंस?" ती विचारते. मी म्हणते, "वरचं राहू दे. परत उतर. आवाज येता कामा नये."

आमच्या बरोबर खाली रेक्टर मॅडमची खोली आहे. पहिल्या दिवशी दुसऱ्याच उडीला त्या वर आल्या होत्या. काल ती पंधरा वेळा उतरली. मॅडम आल्या नाहीत.