घाटाच्या पायथ्याशी

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, अशी आमच्या घरची समजूत आहे. माझ्या खात्यावर जमा आहे तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या साखरप्याचा एका रात्रीचा मुक्काम, आणि तोही एका पिकअप गाडीच्या पोटाखाली वाकून काढलेला! तरीही तो सांगण्याजोगा आहे, असे मला वाटते.

२०२४ च्या मे महिन्यात मी भाच्याबरोबर रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. गाडी भाच्याची; म्हणजे हप्ते फिटेपर्यंत बँकेची. मागे हापूसच्या पेट्या गळ्यापर्यंत रचलेल्या. सकाळच्या सौद्याला माल कोल्हापुरात पोचायला हवा होता. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे मागे पडले आणि संध्याकाळी काजळी नदीकाठच्या साखरप्याला आम्ही चहासाठी थांबलो. इथून पुढे आंबा घाट. आंबे घेऊन आंबा घाट चढायचा, या योगायोगावर मी दाभोळ्यापासून विनोद करीत होतो. भाचा हसत नव्हता. त्याचा कान मागच्या डाव्या चाकाकडे होता. प्रत्येक खड्ड्याला तिथून ‘टक्’ असा आवाज येत होता.

चहाच्या दुकानाशेजारीच गॅरेज होते. मिस्त्री पन्नाशीचे, मूळचे घाटावरच्या मलकापूरचे. पोते अंथरून ते गाडीखाली शिरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आतूनच म्हणाले, “साहेब, जरा हिकडं या.”

गाडीची चासी म्हणजे तिचा सांगाडा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. शिडी आडवी टाकावी तसा. मागच्या कमानीचे पाटे जिथे या तुळईला टांगलेले असतात, त्या जागी धुळीतून गंजाची एक बारीक तांबूस रेघ उमटली होती. मिस्त्रींनी ती जागा खरवडून डिझेलच्या बोळ्याने पुसली, कोरडी केली आणि वर खडू घासला. पाहता पाहता आत शिरलेले डिझेल खडूवर ओलसर उमटले. रिव्हेटच्या भोकापासून निघालेला तडा तुळईच्या निम्म्या उंचीपर्यंत चढला होता. डोळ्यांना दिसत होता त्यापेक्षा बोटभर अधिकच!

“घाट चढण्यापुरता एक टाका मारून द्या की हो. परतताना नीट करून घेऊ,” असे म्हणणारा मीच होतो, हे इथे कबूल केले पाहिजे.

“टाका आत्ता मारीन,” मिस्त्री म्हणाले. “पर गाडी भरलेली हाय. वजनानं चासी वाकलीय, तडा उघडलाय. अशात टाका मारला तर वाकडं हाय तसंच चिकटून बसंल, आन् घाटात पुन्हा सुटंल. आत तुमी दोघं असाल. न्हाई मारायचा मी.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. “मामा, सौदा चुकला तर हप्त्याचं काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. डोळ्यांसमोर माझी बहीण उभी राहिली. भाच्याने मोबाइल काढून ओळखीच्या एका गाडीवाल्याला बोलावले. अर्धे भाडे देऊन पेट्या त्याच्या गाडीत चढल्या. ती गाडी घाटाकडे वळली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते.

मग खरे काम सुरू झाले. जॅक लावून चासी सरळ केली. बॅटरीच्या तारा सोडल्या. नाहीतर वेल्डिंगचा करंट गाडीतल्या नाजूक यंत्रणा जाळतो. डिझेलच्या नळ्या बाजूला बांधल्या. तड्याच्या टोकाला ड्रिलने गोल भोक पाडले. मी कारण विचारले. “धोतराची फाट टोकाला गाठ मारल्याबिगर थांबत न्हाई, तसंच,” उत्तर मिळाले. टोकदार फटीवर सगळा ताण एकवटतो. गोल भोकाभोवती तो पसरतो. नंतर ग्राइंडरने फट रुंद केली, गरम करून वाळवलेल्या रॉडने ती थरथराने भरली. पाणी ओतून गार करायला सक्त मनाई. पोलाद आपणहून निवले पाहिजे, कारण एकदम गार केले तर ते ठिसूळ होते. बाहेरून जी जाड पट्टी बसवली तिची टोके तिरकी कापलेली होती; सरळ कापली असती, तर ताण तिथेच साचून नवा तडा गेला असता. शेवटी तांबड्या रेड ऑक्साइडचा हात.

“आता तडा का गेला ते बगा,” म्हणत मिस्त्रींनी कमानीवर पाना आपटला. जास्त माल बसावा म्हणून भाच्याने गेल्या हंगामात दोन जादा पाटे घातले होते. कमान ताठ झाली, आणि खड्ड्याचा जो दणका तिने लवून पचवायचा, तो वर चासीला बसू लागला. भाचा काही बोलला नाही. त्याने स्वतःच पाना घेतला आणि दोन्ही पाटे काढून ठेवले.

पहाटे रिकामी गाडी घाट चढली. एकेका वळणाबरोबर खाली कोकण धुक्यात बुडत होते. आम्ही दोघे कान देऊन बसलो होतो. वरच्या आंबा गावापर्यंत ‘टक्’ एकदाही वाजले नाही. तिथे चहा घेताना भाच्याने हिशेब मांडला. त्या फेरीत हातात काही उरले नव्हते. तो महिन्याचा हप्ता मागाहून, दंडासह गेला.

एक पाटा त्याने मिस्त्रींकडेच ठेवला. दुसरा घरी नेऊन लोहाराकडून त्याचा कोयता करून घेतला. कमानीच्या पोलादाला धार चांगली धरते. त्या दिवाळीत करंज्यांसाठी आमच्याकडे आलेले नारळ त्याच कोयत्याने सोललेले होते. बहिणीने निरोप धाडला होता, “कोयता झकास आहे, पण असा महाग कोयता पुन्हा नको.”