गाडीचा पूर्वाश्रम

२००८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही स्कॉर्पिओ घेतली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता, आणि मागच्या भागातील ज्या समोरासमोरच्या आसनांवर प्रौढ माणसांचे गुडघे एकमेकांना भिडल्यावाचून राहत नाहीत, तेथे तो आणि त्याची बहीण मरोळपासून कशेडी घाटापर्यंतचा प्रवास निम्मा भांडणात व निम्मा झोपेत पार पाडीत असत. नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या त्या गाडीने आमच्या घरचे पंधरा गणपती पाहिले. परंतु २०२३ च्या जूनमध्ये नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आल्याचे ध्यानी आले, आणि तिच्याविषयीचा विचार टाळणे अशक्य झाले.

कायद्याने तिला आणखी पाच वर्षांचे आयुष्य देण्याची सोय होती. योग्यतेची तपासणी करून घ्यावी, पाच हजार रुपये फेरनोंदणी शुल्क आणि पर्यावरण कर भरावा, की काम झाले. अडचण सरकारदरबारी नव्हती, घरातच होती. आईचे गुडघे त्या उंच पायरीला दाद देईनासे झाले होते. तिच्यासाठी गाडीत एक लाकडी पाट कायमचा ठेवावा लागे, आणि तो पाट मांडताना तिच्या चेहऱ्यावर जी ओशाळलेली छटा उमटे ती मला पाहवत नसे. मागच्या आसनांना पट्टेही नव्हते आणि मुलांचे पाय आता तेथे मावत नव्हते. नव्या गाडीची किंमत आणि मुलाच्या पुढील शिक्षणाचा खर्च एकाच वर्षी पेलणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून सेकंड हँड घ्यावी, आणि तिन्ही रांगा पुढे तोंड करून असाव्यात, एवढा ठराव रात्रीच्या जेवणावर संमत झाला. छतातून आकाश दिसावे ही मुलाची दुरुस्ती फेटाळण्यात आली.

आमच्या मरोळात गाड्यांची उणीव नाही. सहारचे विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पर्यटक परवान्यावर धावणाऱ्या इनोव्हा येथील गल्ल्यागल्ल्यांतून उभ्या असतात. त्यामुळे सहा वर्षांची आणि अवघी पन्नास हजार किलोमीटर धावलेली म्हणून जी पहिली गाडी एका दलालाने दाखविली तिच्याविषयी मी उत्सुक होतो. परंतु नाक्यावरचे आमचे मिस्त्री, ज्यांना मी भीड घालून बरोबर नेले होते, त्यांनी काटा पाहिलाच नाही. ब्रेकच्या पायट्याचे रबर गुळगुळीत झाले होते, चालकाच्या आसनाची कड बसली होती, आणि पाटीच्या खोबणीत पूर्वीच्या पिवळ्या रंगाचा एक कण शिल्लक होता. भाड्याने राबलेली गाडी खाजगी नोंदणीत येणे हा गुन्हा नव्हे. ती गोष्ट दडविणे मात्र आम्हांला मानवले नाही.

दुसरी गाडी दिल्ली पासिंगची होती व बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त होती. दिल्लीत तेव्हा डिझेल गाडीला दहा वर्षांच्या पुढे रस्त्यावर येता येत नसे, त्यामुळे तेथील मालक मुदत जवळ आली की तिची परप्रांतात पाठवणी करीत. मात्र तिकडील कार्यालयाचा नाहरकत दाखला आणावयाचा, महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावयाचा आणि मग अंधेरीच्या परिवहन कार्यालयात नवा क्रमांक घ्यावयाचा, असा सगळा हिशेब कागदावर मांडला तेव्हा स्वस्ताई कागदावरच विरून गेली.

तिसरी गाडी पाहून मात्र घरातले सारेच हरखले. शुभ्र रंग, नवे आसनपट, आत अत्तराचा दरवळ. मिस्त्रींनी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून घेतला, बोट फिरविले आणि ते मला दाखविले: मातकट पूड. मग त्यांनी आसनाखालच्या रुळांवरचा गंज दाखविला, जादा चाकाच्या खड्ड्यातला गाळाचा थर दाखविला. मी काही बोललो नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, विहार व पवई तलावांचे पाणी घेऊन मरोळवरून माहीमकडे जाणारी मिठी आपले पात्र विसरली, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस आमच्या गल्लीतील माणसे गाड्यांची दारे उघडी टाकून सतरंज्या वाळवीत होती. ती पूड मी ओळखत होतो. पुरात बुडालेल्या गाडीचा रंग परत येतो. तिच्या तारांच्या जोडांत शिरलेले पाणी मात्र केव्हा हिशेब मागेल याचा नेम नसतो.

चौथी गाडी पार्ल्यातील एका सेवानिवृत्त गृहस्थांची, २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा, राखी रंगाची, दिसण्यात यथातथाच. आम्ही मिस्त्रींच्या आग्रहावरून सकाळी साडेसहालाच दारात हजर झालो होतो. "साहेब, इंजिन गरम करून ठेवणारा काहीतरी झाकतो," असे त्यांचे मत होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. ते थंड होते. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झाले, धूर आला नाही. इतक्यात त्या गृहस्थांनी, आम्ही काही विचारण्यापूर्वीच, मागचा डावा दरवाजा पुन्हा रंगविलेला असल्याचे सांगितले, हातगाडी कशी घासली त्याचा वृत्तांत कथन केला, आणि कापडी बस्त्यातून सहा वर्षांची सर्व्हिसची बिले तारीखवार काढून ठेवली. बँकेचा बोजा उतरविल्याची नोंदही त्यात होती. आईने पाट मागितला नाही, दाराच्या मुठीला धरून ती आत बसली आणि म्हणाली, "हीच घे." परीक्षा तेथेच संपली. बयाणा देऊन चौदा लाखांवर व्यवहार ठरला.

महिनाभर मी परक्यांकडून सचोटीची अपेक्षा करीत हिंडलो होतो. आता स्कॉर्पिओ विकण्याची पाळी आली. सिन्नरकडील एक शेतकरी ती पाहावयास येणार होता. फेरनोंदणी तो स्वतः करून घेणार होता. दलालाने इंजिनावर फवारा मारून ते चकचकीत करून दिले आणि सल्ला दिला की, क्लच प्लेट संपत आल्याचे व तळाच्या पत्र्याला गंज लागल्याचे आपण होऊन सांगू नये, तो काही विचारणार नाही. मोह झाला, हे नाकारीत नाही. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर एखाद्या गाडीला वार्धक्याच्या खुणा असणारच, अशी सबबही मनाने तत्परतेने पुरविली. परंतु पार्ल्याच्या त्या गृहस्थांचा बस्ता डोळ्यांसमोरून हलेना.

रात्री बसून मी एका कागदावर सहा दोष क्रमवार लिहिले आणि खाली सही केली. शेतकऱ्याने तो कागद दोनदा वाचला, गाडीखाली वाकून पाहिले, आणि ठरलेल्या रकमेतून पंधरा हजार कमी करून एक लाख चाळीस हजार रुपये मोजले. मी नमुना २९ वर सही केली. गाडीत राहिलेला पाट त्याने आपल्या म्हातारीसाठी मागून घेतला, आणि दोषांचा तो कागद घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवून दिला.