खानसाहेब, रिगोलेत्तो आणि आमची खाला

2015 च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' हा सिनेमा लागला, तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की यावेळी खालाला घेऊनच जायचं. खाला इंदापूरला, आम्ही बारामतीला. तिला आणायला आमच्यातला धाकटा एसटीनं गेला. उसाचा हंगाम सुरू झालेला. भवानीनगरच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत गाडी अडकली आणि दुपारचा खेळ हुकला. शेवटी रात्रीच्या खेळाला गेलो. खालानं थिएटरात पाय ठेवला तो तब्बल वीस-बावीस वर्षांनी.

हे नाटक आमच्या घराला नवं नव्हतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं, जितेंद्र अभिषेकींच्या संगीतानं सजलेलं हे नाटक 'नाट्यसंपदा'नं 1967 साली रंगमंचावर आणलं. वसंतराव देशपांडे त्यात खानसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले झाले. मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्र म्हटलं की एक तर पहारेकरी नाही तर सरदार, अशी सवय लागलेल्या आमच्या वाडवडिलांना हा खानसाहेब म्हणजे अप्रूप होतं. गर्विष्ठ, चिडका, पण विद्येनं मोठा. वसंतरावांना तो साधला यात नवल नाही. लाहोरच्या असद अली खाँसाहेबांकडे ते शिकलेले, भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांकडे बसलेले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव सुरेशबाबू माने यांचीही तालीम मिळालेले. ज्यांच्या पायाशी बसले, त्यांचंच सोंग त्यांनी घेतलं.

आणि त्याच नाटकात खानसाहेबांची मुलगी झरीना झाल्या होत्या फैय्याज. सोलापूरच्या. आपल्यातल्या. पुढे 2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षही झाल्या.

इथं आमच्या नानांची गोष्ट सांगायला हवी. नाना म्हणजे अम्मीचे आणि खालाचे वडील. इंदापुरात चाँदशहावली बाबांच्या उरुसाला कव्वालांच्या साथीला पेटी वाजवायचे. गावातल्या भजनी मंडळाची पोरं त्यांच्याकडे पेटी शिकायला यायची. नाना कुणाला नाही म्हणत नसत, पैसा घेत नसत. ओसरीवर पोरं सा-रे-ग-म घोकायची आणि आत चुलीपाशी भाकरी थापता थापता खाला ते सगळं उचलायची. चौदा वर्षांची असताना ती शाळेच्या गॅदरिंगला गायली. नानांच्या कानावर गेलं. त्यांनी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बेटी की आवाज देहलीज के बाहर नको." त्यानंतर शाळा सुटली, वर्षाच्या आत लग्न झालं. आणि हेच नाना रेडिओवर फैय्याजबाईंचं नाट्यगीत लागलं की सगळ्यांना गप्प करायचे. "सुनो, क्या गला दिया है अल्लाह ने," म्हणायचे. खाला तिथंच बसून ऐकायची.

सिनेमाकडे वळतो. सुबोध भावे यांनी दिग्दर्शन केलेल्या या चित्रपटात खानसाहेब झालेत सचिन पिळगांवकर आणि पंडित भानुशंकर झालेत गायक शंकर महादेवन. पडद्यावर ओठ सचिन यांचे हलतात, गळा मात्र राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या सदाशिवाचा गळा महेश काळे यांचा, ते अभिषेकींचे शिष्य. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आजोबांच्या भूमिकेतला नातू आणि संगीतकाराचा शागीर्द असे दोन गळे पडद्यामागे भिडतात, हे ध्यानात ठेवून ऐकलं की जुगलबंदीची रंगत वाढते. सिनेमातला झगमगाट आम्हाला जरा जास्तच वाटला. नाटकाचा जीव लहान जागेत होता. पण एक जागा लख्ख उतरली आहे. खानसाहेब विद्या देणार नाही म्हणतो आणि सदाशिव त्याच हवेलीत राबत, काम करता करता कान लावून ती गोळा करतो. त्या जागेला आम्ही हळूच खालाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. परतताना आम्ही विचारलं, "कैसा लगा?" ती म्हणाली, "उसको तो आखिर में मिला ना."

आणखी काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढं एका उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यात शिकणारा आमचा भाचा इंदापूरला आला तो लॅपटॉप घेऊन. "हमारी कट्यार देखी, अब इटलीवालों की देखो," म्हणाला. 'रिगोलेत्तो' नावाचा ऑपेरा. ज्युझेप्पे व्हेर्दी या संगीतकाराचा, 1851 साली व्हेनिसला पहिल्यांदा झालेला. त्याचा 1982 सालचा चित्रपट, ज्याँ-पियेर पोनेल या दिग्दर्शकानं केलेला. गाणं आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रण, ही रीत आपल्या सिनेमासारखीच. फरक इतकाच की तिथं ओठ ज्याचे, गळाही त्याचाच.

गोष्ट अशी. मान्तुआच्या ड्यूकच्या दरबारात रिगोलेत्तो नावाचा कुबडा विदूषक आहे. दुसऱ्यांच्या लेकी नासवणाऱ्या ड्यूकला तो हसून चेतवतो, रडणाऱ्या बापाची टवाळी करतो. तो म्हातारा बाप, माँतेरोने, त्याला शाप देतो. गंमत अशी की या चित्रपटात रिगोलेत्तो आणि माँतेरोने ही दोन्ही कामं एकाच गायकानं केली आहेत, इंग्वार व्हिक्सेल यांनी. शाप देणारा आणि शाप घेणारा, तोंड एकच. मूळ कथा व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाची. त्यात ड्यूकच्या जागी राजा होता, म्हणून 1832 साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर त्यावर बंदी आली. व्हेनिसच्या सेन्सॉरनंही राजा चालू दिला नाही, तेव्हा व्हेर्दीनं ड्यूक केला.

या विदूषकाला एक मुलगी आहे, जिल्दा. बापानं तिला कुलपाआड ठेवलं आहे. प्रार्थनेला चर्चमध्ये तेवढी जायची मुभा. नेमका तिथंच तिला ड्यूक भेटतो, आपण गरीब विद्यार्थी आहोत असं सांगून. दरबारी लोक तिला पळवायला येतात, तेव्हा रिगोलेत्तोला वाटतं दुसऱ्याच कुणाच्या घरची बाई पळवायची आहे. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि शिडी त्यालाच धरायला लावतात. स्वतःच्याच घराला लावलेली शिडी.

शेवटी तो मारेकरी ठरवतो, आणि ड्यूकच्या जागी मरते त्याचीच लेक. नदीकाठी, रात्री, पोत्यात बांधलेलं शव घेऊन तो फुशारकी मारत असतो आणि लांबून ड्यूकच्या त्या लाडक्या गाण्याची चाल येते. ड्यूक झालेत लुचियानो पावारोत्ती, आवाज असा मोकळा की माणूस किती बेफिकीर आहे ते सुरातूनच कळतं. ड्यूक जिवंत आहे हे बापाला कुणी सांगत नाही. चाल सांगते. हीच चाल आधी आपण मजेत ऐकलेली असते. संगीत नाटक आम्ही पुष्कळ पाहिलं, त्यात गोष्ट थांबते आणि पद होतं. इथं पदानंच सुरी फिरवली.

भाषेचा एक शब्द खालाला कळत नव्हता. भाचा मध्येमध्ये थांबवून सांगत होता, तर तिनंच त्याला गप्प केलं. शिडीच्या प्रसंगाला ती ताठ बसली. म्हणाली, "बाप बुरा नहीं है रे. डरता है." थोड्या वेळानं म्हणाली, "अब्बा भी डरते थे." नानांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्या गॅदरिंगविषयी ती आमच्यासमोर बोलली ती एवढंच.

नानांना कशाची भीती होती, लोकांची, मौलवींची की पेटीवाल्याची पोरगी म्हणून होणाऱ्या नावाची, यावर आम्हा भावंडांत अजून वाद आहे. एकाचं म्हणणं, तो काळच तसा. दुसरी म्हणते, त्याच काळात सोलापूरच्या मुलीला गाता आलं ना. आम्हाला दुसरीचं पटतं.

चित्रपट संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भाचा लॅपटॉप मिटायला लागला तर खाला म्हणाली, "ठहर. वो लगा." कुठला, हे त्याला कळेना. तिला शेवट नको होता, पावारोत्ती पण नको. जिल्दा रात्री घरात एकटी आहे, नुकतंच कळलेलं एक नाव घोळवत एकटीच गाते, आणि भिंतीबाहेर जमलेले पुरुष ऐकत राहतात, ते. एडिटा ग्रुबेरोव्हांचा गळा वर वर जात राहतो, अगदी बारीक धाग्यासारखा. भाच्यानं ते तीनदा लावलं. तिसऱ्या खेपेला खालाच्या ओठांआड काहीतरी हललं. आम्ही मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही.