कढीपत्त्याची भोकं

वाई
मृगाच्या आदल्या दिवशी

चि. गौरीस,

तुझा फोटो मिळाला. कढीपत्त्याच्या पानावर पक्षी शिटल्यासारखं काहीतरी, आणि खाली तुझे तीन शब्द : “आत्या, काय फवारू?” उत्तर दोन शब्दांचं आहे : काही नको. पण एवढंच कळवलं तर तू माळ्याला विचारशील, आणि तो स्कूटरच्या डिकीतून बाटली काढेल. म्हणून कागद घेऊन बसले आहे. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस.

ती शीट नाही, अळी आहे. कॉमन मॉर्मनची असेल, नाहीतर लाइम बटरफ्लायची. दोघींना कढीपत्ता आणि लिंबू सारखेच प्रिय, आणि बाळपणीचं सोंगही एकच. पक्ष्याची विष्ठा कोण चोचीत घेईल? मोठी झाली की ती सोंग टाकून पानासारखी हिरवी होते. तेव्हा काडीने हळूच डिवचून बघ. डोक्यामागून दोन मऊ, रंगीत शिंगं बाहेर येतील आणि एक उग्र वास. एवढंच तिचं शस्त्र. दोन-तीन आठवडे खाईल, मग एखाद्या काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोष करेल आणि साधारण आठ-दहा दिवसांनी उडून जाईल. २०१५ साली महाराष्ट्राने आपलं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मनसुद्धा याच घराण्यातलं. त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. राज्य फुलपाखराचा फोटो भिंतीवर लावायचा आणि कुंडीतल्या त्याच्या भावंडांवर औषध मारायचं, हे काही मला पटत नाही. आणि कढीपत्ता मरत नाही ग. त्याचे शेंडे खुडले की उलट जास्त फुटवे येतात. मी कात्रीने करते ते अळी तोंडाने करते.

मी जन्मतः शहाणी आहे असं मात्र समजू नकोस. मागे आपल्या तांबड्या जास्वंदीवर मावा पडला होता, कळ्या चिकट झालेल्या. मी फवारा मारला. माव्याबरोबर काळसर, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडेही पडले आणि मला वाटलं, दोन शत्रू एकदम गेले. पंधरवड्यात मावा दुप्पट झाला. ती मगरीची पिल्लं म्हणजे ढालकिड्याची, तुमच्या लेडीबर्डची, मुलं होती आणि ती मावाच खायला आली होती, हे पुढे एका शेतकरी मासिकात चित्र पाहिलं तेव्हा कळलं. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती रोज पिल्लं घालत सुटते. ढालकिड्याला अंडं, अळी, कोष असा सगळा संसार करावा लागतो, त्याला आठवडे जातात. म्हणजे फवाऱ्यानंतर आधी कोण परततं ते तूच ठरव. हल्ली मावा दिसला की पाण्याची जोरदार धार मारते आणि आठवडाभर गप्प बसते. गप्प बसणं हेच त्यातलं अवघड काम.

आता मातीकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. तुझ्या रो-हाउसच्या मागच्या त्या दीडशे चौरस फुटांत माती नाहीच. बिल्डर जाताना राडारोडा पसरून वर चार इंच मुरूम टाकून जातो. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचं पाणी मुरून पांढरी पडलेली खडी. माळी म्हणतो, एक गाडी लाल माती टाकू आणि वर लॉनची गादी अंथरू. महिन्याभरात हिरवंगार दिसेलही. पण ती गाडी कुठून येते हे विचारलंस का? कुणाच्या तरी उताराचा वरचा थर खरवडलेला असतो, आणि तो पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. शिवाय लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी, आणि त्यावर फुलपाखराला बसायला एक फूल नाही.

त्यापेक्षा माती कर. हो, माती करता येते. कोल्हापूरला श्री. अ. दाभोळकर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ‘प्रयोग परिवार’ त्यांनीच उभा केला आणि तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना स्वतःच्या शेतात स्वतःच प्रयोग करायला लावलं. दहा गुंठ्यांत एक कुटुंब पोटभर जगू शकतं, हे त्यांनी मांडलं, आणि त्याचा पाया होता पालापाचोळ्यापासून घरच्या घरी केलेली माती. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ माझ्याकडे आहे, पुढच्या खेपेला ने. त्याच्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज इंदूरला बसून काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करत होता. पुस्तकांत ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून आली. आपल्या शेतकऱ्यांना आपण आपले गुरू मानतो, असं म्हणायला त्याला कमीपणा वाटला नाही.

तुला एवढं शास्त्र नको. सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांग की पाला जाळू नका, पोती माझ्याकडे टाका. त्यांचे कष्ट वाचतात आणि तुझ्याकडे सोनं येतं. कोपऱ्यात जाळीचा पिंजरा उभा कर. स्वयंपाकघरातलं एक भांडं ओलं पडलं की त्यावर तीन भांडी कोरडा पाला. घाण वास येतो तो ओलं जास्त झाल्याचा; पाला वाढव, वरखाली कर, दोन दिवसांत वास पावसाळी जंगलासारखा होतो. आंब्याची पानं चिवट, त्यांना वेळ लागतो. आधी पायाखाली चुरडून टाक. मध्येच कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर घाबरून माळ्याला बोलावू नकोस. बुरशी आपलं काम करते आहे.

आणि मोकळ्या जागेत उद्या-परवाच ताग पेर. मी किलोभर बी पाठवते आहे, ते पुरून उरेल. मुरूम कुदळीने नुसता खरवडायचा, बी फेकायचं, बाकी पाऊस बघेल. साधारण दीड महिन्याने पिवळ्या कळ्या दिसू लागल्या की कापून तिथेच आडवा घाल. फुलं पाहून जीव होणार नाही, मला माहीत आहे. माझाही होत नाही. कडेची एक ओळ भुंग्यांसाठी ठेव आणि बाकीचा निर्दयपणे काप, कारण फुलून शेंगा धरल्या की खोड दोरखंडासारखं होतं आणि कुजत नाही. तागाच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठतो. मुळं उपटू नकोस. ती जागच्या जागी कुजली की त्यांच्या वाटांनी पाणी खाली उतरतं. तुझ्या मुरमाला तेच हवं आहे.

गांडुळं विकत आणायची का, असं विचारशील. नको. पाकिटातली गांडुळं बहुतेक परदेशी जातीची, खताच्या ढिगात रमणारी. जमिनीत ती टिकत नाहीत. आपली गांडुळं ओल आणि पाला मिळाला की न बोलावता येतात. मात्र दर महिन्याला जमीन खणून ‘भुसभुशीत’ करायची सवय सोड. आपण त्यांची घरं मोडतो आणि वर म्हणतो, गांडुळं कुठे गेली.

झाडांचं थोडक्यात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नकोस, निम्म्या राहू देत. फुलोरी आणि सातेरी दोन्ही माश्या येतील. पानफुटी, अडुळसा, सब्जा लाव. कुंपणाशी रुई आपोआप उगवली तर उपटू नकोस. आणि त्या शेवग्याची वाळलेली फांदी! शेजारच्या काकांना ती खुपते म्हणालीस. तांबट मेलेल्या, मऊ लाकडातच बीळ कोरतो. डोक्यावर पडायचा धोका नसेल तर विणीच्या एका हंगामापुरती काकांकडून मुदत माग.

आई, म्हणजे तुझी आजी, हे सगळं करायची असं मी म्हणणार नाही. न्हाणीचं पाणी ती अळू-केळीला सोडायची हे खरं, पण मुंग्यांच्या रांगेवर पांढरी पावडरही तीच मुठीने ओतायची. जुनं म्हणून सगळं चांगलं नसतं.

तुझ्या सासूबाईंची सापाची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. घोणस पाचोळ्यात पडून राहिली तर दिसत नाही. म्हणून पाल्याचा ढीग दारापासून लांब, परसात विटांचा ढिगारा नको, रात्री विजेरीशिवाय पाऊल नको आणि पाला हाताने नाही, दाताळ्याने ओढायचा. उंदरांना खायला मिळेल असं काही उघड्यावर ठेवू नकोस. उंदीर आला की मागोमाग साप येतोच. पक्ष्यांसाठी उथळ ताटली ठेव, पण रोज पाणी बदल आणि कडा घासून काढ. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

पावसात मोठ्या शंखाच्या गोगलगायी निघतील. त्या आफ्रिकेतल्या, त्यांच्यावर दया नको. हातमोजे घालून संध्याकाळी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. भारद्वाज त्या फोडून खातो. त्याचं दर्शन शुभ मानतात ते कशासाठी कोण जाणे, मी मात्र गोगलगायींसाठी मानते.

इथे आत्ताच वळवाची एक सर पडून गेली. अंगणात वास सुटला आहे, आणि तुझे काका चहा-चहा करत फिरत आहेत.

तुझी,
माईआत्या

ता. क. अळ्यांनी सगळा कढीपत्ता संपवला तर आठवडाभर आमटीला वाण्याकडून आण. नीट धुऊन घे, कारण एकही भोक नसलेली पानं असतात ती.